वाकडं लाटणं, मुक्काम कॅनडा

मानवजातीला चाकाचा शोध दोनदा लागला. पहिल्यांदा तो कुणी लावला याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. दुसऱ्यांदा तो सेलूच्या प्रेमदास खरादीनं लावला, २००८ साली, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास. याबद्दल मतभेदाला जागा नाही, कारण मी तिथं हजर होतो. शोधाचं कारण असं की लाईट गेली होती.

त्या वर्षी लाईट जाण्यात विशेष काही नव्हतं, येण्यात होतं. भारनियमनाचं वेळापत्रक अख्ख्या सेलूला पाढ्यासारखं पाठ होतं. फक्त लाईटला ते पाठ नव्हतं.

प्रेमदासचं दुकान बसस्टँडवरून बाजाराकडे जाताना उजव्या हाताला. लाकूड गरगर फिरवून त्याला गोल आकार द्यायचं जे यंत्र, त्याला आमच्याकडे खराद म्हणतात, आणि ते चालवणाऱ्याला खरादी. प्रेमदासच्या खरादीला पंचाण्णव सालापासून मोटार होती. तिच्यावर तो लाटणी काढी, खाटेचे पाय काढी, पाळण्याचे गोंडे काढी आणि तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाकं काढी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपले लाकडी बैल घेऊन मिरवायला निघत तेव्हा तालुक्यातले निम्मे बैल प्रेमदासच्या चाकांवर चालत. बैलांची तक्रार कधी आली नाही.

त्याची मुलगी काजल वर्ध्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या मोबाइलवर व्हिडिओ निघत असे. बापाचं काम यूट्यूबवर टाकायचं, जगाला दाखवायचं, असं तिनं ठरवलं. जगानं तसा अर्ज केलेला नव्हता. प्रेमदास सकाळपासून केसांना तेल लावून, इस्त्रीचा शर्ट घालून मोटारीशेजारी उभा होता. मला त्यानं साक्षीला बोलावलं होतं. काजलनं मोबाइल समोर धरला, प्रेमदासनं बटण दाबलं, आणि ते वर सांगितलेलं घडलं.

काजलची एकची बस होती. लाईट तीनला येणार, म्हणजे पाचला. तेव्हा प्रेमदासला माळ्यावरची जुनी खराद आठवली. दोन खुंट, त्यांना दोन लोखंडी टोकं, त्या टोकांमध्ये लाकूड अडकवायचं, लाकडाला दोरीचे दोन वेढे द्यायचे. एकानं दोरीची टोकं आळीपाळीनं ओढायची, दुसऱ्यानं पटाशी धरायची. लाकूड पुढे फिरलं की पटाशी टेकवायची, मागे फिरलं की उचलायची. म्हणजे कामाला माणसं दोन लागतात आणि नाव एकाचंच होतं.

सगळ्यांनी काजलच्या आईकडे, कौशल्याबाईंकडे पाहिलं.

"मी नाई," कौशल्याबाई म्हणाल्या.

"एकच लाटणं हाय. चार मिनिटाचं काम," प्रेमदास म्हणाला.

"लग्नातबी असंच म्हणलं होतं तुमी. सतरा वर्सं ओढली मंग."

हे खरं होतं. लग्न होऊन पवनारहून आल्या तेव्हापासून मोटार येईपर्यंत दोरी त्यांच्याच हातात होती, आणि त्यांचा उजवा खांदा अजूनही थंडीत वेगळा राहत असे. मोटार आली त्या दिवशी त्यांनी तिला हळदकुंकू लावून ओवाळलं होतं. इतक्या मनापासून त्यांनी नवऱ्यालाही ओवाळलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दोरी त्यांनी स्वतः माळ्यावर फेकली होती.

"आई, माह्यासाठी," काजल म्हणाली.

त्यांनी पदर खोचला. "एकच," त्या म्हणाल्या. "याच्यावर एक नाई."

लाटणं निघालं. व्हिडिओ चार मिनिटं दहा सेकंदांचा झाला. त्यातली साडेतीन मिनिटं कौशल्याबाईंची पाठ दिसते, बाकीच्या वेळात लाटणं. प्रेमदासचा इस्त्रीचा शर्ट कोपऱ्यात थोडा आला आहे.

पुढे पंधरा दिवस काही झालं नाही, आणि मग कंडक्टर आला.

काजलला परीक्षेमुळे यायला वेळ नव्हता. व्हिडिओखाली लोकांनी जे लिहिलं ते ती कागदावर छापून, लिफाफ्यात घालून, वर्धा-सेलू गाडीच्या कंडक्टरजवळ देई. म्हणजे कॅनडातून वर्ध्याला निरोप एका क्षणात येई आणि वर्ध्याहून सेलूला यायला त्याला दीड तास लागे. मजकूर सगळा इंग्रजीत. तो वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी कुठल्याही शाळेत कधी शिकवलेलं नाही, पण सेलूत माणूस निवृत्त झाला आणि त्याला चष्मा असला की तो मास्तरच होतो.

पहिल्या लिफाफ्यात सव्वीस अभिप्राय होते. मी वाचत गेलो. एकानं लिहिलं होतं, विजेशिवाय काम, किती शांत. एकीनं लिहिलं होतं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर्वांत लांब मजकूर कॅनडातल्या हॅरल्ड नावाच्या गृहस्थांचा होता. ते निवृत्त दंतवैद्य होते आणि गॅरेजमध्ये लाकूडकाम करत असत. त्यांनी लिहिलं होतं की आम्ही यंत्राच्या मागे लागून आत्मा घालवला, तुम्ही तो सांभाळला आहे, कृपा करून कधीही बदलू नका.

प्रेमदासनं पाठ ताठ केली. त्याच्या मागे मोटार होती. तिच्यावर त्याचा डबा ठेवलेला होता.

"मास्तर," तो म्हणाला, "आपुन आत्मा सांभाळला हाय, हे मले मालूमच नव्हतं."

"असं बऱ्याच जणांचं होतं," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मोटारीवर पोतं पडलं.

पुढच्या रविवारी काजल आली तेव्हा दुकान ओळखू येत नव्हतं. भिंतीवरची वायर दिसू नये म्हणून तिच्यापुढे सूप टांगलं होतं. बल्ब काढला होता. घड्याळ उतरवून ठेवलं होतं, त्यामुळे प्रेमदास दर पाच मिनिटांनी मलाच वेळ विचारी. त्यानं धोतर नेसलं होतं. धोतर किसनरावांचं. किसनराव शेतकरी माणूस, रोज नेसणारे. त्यांनी ते स्वतः येऊन नेसवून दिलं आणि जाताना सांगून गेले, "बस्तांनी सांभाळजो."

कौशल्याबाई दारात उभ्या होत्या.

"लाईट हाय आज," त्या म्हणाल्या.

"असू दे ना."

"मंग काऊन दोरी काढून राह्यले?"

"परंपरा हाय ते. तो कॅनडावाला साहेब म्हणते, बदलू नका."

"त्याचा खांदा दुखून राह्यला काय?"

प्रेमदास धोतर सावरत खाली बसला. कॅमेऱ्यासमोर भांडण नको म्हणून कौशल्याबाईंनी दोरी घेतली. त्या रविवारी एक भोवरा झाला, त्याच्या पुढच्या रविवारी एक रवी, त्याच्याही पुढच्या रविवारी पाळण्याचा गोंडा. हॅरल्डसाहेबांची पत्रं वाढत चालली आणि थंडीही. कौशल्याबाई आठवड्यात सहा दिवस खांदा शेकत आणि सातव्या दिवशी परंपरा ओढत. एरवीचं गिऱ्हाईक तसंच परत जाऊ लागलं, कारण प्रेमदास आता रोजच्या कामालाही पोतं काढेना. त्याला भीती वाटे की आवाज कॅनडात जाईल.

चौथ्या रविवारी कौशल्याबाईंनी ठरवलं की हे मोडायचं.

लाकूड गोल होणं हे दिसायला पटाशीच्या हातात असतं, पण असतं दोरीच्या. दोरी एकसारखी ओढली तर लाटणं एकसारखं उतरतं. ती मध्येच ढिली, मध्येच झटका, अशी ओढली तर कितीही कसबी खरादी असो, लाकूड उड्या मारतं. सतरा वर्षं जिनं एकसारखी दोरी ओढली, तिला ती वाईट कशी ओढायची हे शिकवायला लागत नाही. लाटणं झालं. एका बाजूला फुगलेलं, दुसऱ्या बाजूला दबलेलं, मध्ये एक खड्डा. आमच्याकडे लाटण्याची परीक्षा सोपी असते. ते फरशीवर ढकलायचं. सरळ गेलं तर चांगलं. प्रेमदासनं ते ढकललं, तर ते निघालं, अर्धा वळसा घेऊन त्याच्याच पायापाशी परत आलं.

"हे टाकजो नको, काजल," प्रेमदास म्हणाला. "इज्जत जाईन."

"टाक," कौशल्याबाई म्हणाल्या. "परंपरा हाय ते."

काजलला परतीची बस पकडायची होती. तिनं काय टाकलं आणि काय नाही हे तिचं तिलाही सोमवारी कळलं.

गुरुवारी कंडक्टरनं नेहमीपेक्षा जाड लिफाफा दिला. दुकानात प्रेमदास डोकं धरून बसला होता. कौशल्याबाई, कधी नव्हे त्या, हातातलं काम टाकून ऐकायला आल्या होत्या.

मी वाचलं. एकशे चाळीस अभिप्राय होते. लोकांना ते लाटणं आवडलं होतं. त्यातला खड्डा तर फार आवडला होता. कुणी लिहिलं होतं, या लाटण्यात माणूस दिसतो. कुणी लिहिलं होतं, यात लाट आहे. मी जवळून पाहिलं होतं, खड्डाच होता. हॅरल्डसाहेबांनी लिहिलं होतं की आजवरची लाटणी सुंदर होती, पण हे जिवंत आहे, मला असली तीन हवीत, आणि ती करतानाचा व्हिडिओही पाहायचा आहे.

कौशल्याबाई उठून आत गेल्या. आतून एक भांडं पडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी प्रेमदासनं मुद्दाम वाकडं लाटणं काढायला घेतलं. शेजारचा मोतीलाल, पानठेलेवाला, त्याला दोरीवर बसवलं. मोतीलालनं आयुष्यात पहिल्यांदा दोरी ओढली आणि ती भीतभीत, अगदी एकसारखी ओढली. प्रेमदासनं पटाशी वाकडी धरून पाहिली, पण तीस वर्षांचा हात. लाटणं झालं ते आरशासारखं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. फरशीवरून ते सरळ रस्त्यावर गेलं आणि एका सायकलखाली आलं. त्यानंही त्याला काही झालं नाही.

"मास्तर," प्रेमदास संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, "मी नाई करू शकत. वाकडं कराले तीच लागते."

"हे तू तिला सांगितलंस?"

"सांगतलं ना. तारीफच केली तिची. तर बोलून नाई राह्यली."

अशा रीतीनं दोरी मोडायला निघालेल्या बाईंवाचून दोरीचं पान हलेनासं झालं. प्रेमदासनं तीन लाटण्यांसाठी पुढचे तीन रविवार नेमून टाकले.

शनिवारी सकाळी कौशल्याबाई आमच्या घरी आल्या. अंगणातच उभ्या राहिल्या. उजवा हात डाव्या हातानं धरलेला.

"भाऊजी, एक सांगा. तो साहेब जे लिहिते, ते तुमी सगळं जसंच्या तसं वाचता काय?"

"जसंच्या तसं."

"काऊन?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी चष्मा काढून हातात घेतला.

"आज त्याचं एक पत्र येईन," त्या म्हणाल्या. "ते तुमच्या मनानं वाचजा."

मी म्हणालो की हे बरोबर नाही. दुसऱ्याच्या पत्रात आपलं घालणं ही अफरातफर आहे. हात वर करून दाखवण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तो खांद्यापर्यंतही गेला नाही. मी म्हणालो, बघतो.

दुपारी लिफाफा आला. हॅरल्डसाहेबांनी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांच्याकडे बर्फ पडला होता, आणि गॅरेजचं दार अडकलं होतं. मी चष्मा पुसला आणि वाचलं.

"साहेब म्हणतात, त्यांनी पुष्कळ अभ्यास केला. जुन्या काळी खरा उस्ताद जो असे, तो पटाशीला हात लावत नसे. तो दोरी ओढी. पटाशी चेल्याकडे. कारण सगळी विद्या दोरीत असते. तर म्हणतात, या तीन लाटण्यांना उस्तादांनी स्वतः दोरी ओढावी, ही नम्र विनंती."

प्रेमदास जमिनीकडे बघत राहिला. मला वाटलं, आपण पकडले गेलो.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "मले हे वाटूनच राह्यलं होतं. मोतीलालनं ओढली तर सरळ, हिनं ओढली तर वाकडं. पटाशी तर माहीच होती दोन्ही वेळी. म्हणजे विद्या दोरीतच हाय." मग त्याचा चेहरा उजळला. "अन् उस्ताद मी हावो."

"दुसरं कोण असणार?"

रविवारी काजल आली. येताना तिनं बसमध्ये हॅरल्डसाहेबांच्या त्या बर्फाच्या पत्राची आपल्याजवळची प्रत पुन्हा वाचली होती. दुकानात बाप दोरीपाशी आणि आई पटाशी घेऊन बसलेली पाहून ती उंबऱ्यातच थांबली. तिनं प्रेमदासकडून सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काकाजी, तुमचं इंग्रजी लय सुधरून गेलं." आणि मोबाइल सुरू केला.

पहिल्या लाटण्याला प्रेमदासनं जोरात सुरुवात केली. दोन मिनिटांत शर्टाची पाठ ओली. तिसऱ्या मिनिटाला त्यानं थांबून मला वेळ विचारली.

"ओढा ना जी," कौशल्याबाई म्हणाल्या. "काऊन थांबले?"

"टाइम विचारला फक्त."

कौशल्याबाईंना घाई नव्हती. पटाशी त्यांनी आजवर धरली नव्हती, पण दोरीच्या त्या टोकाला बसून सतरा वर्षं समोरून पाहिली होती. त्यांनी पटाशी टेकवली, उचलली, धार बघितली, पाणी मागवून घेतलं, पाणी प्यायल्या, पुन्हा टेकवली. बारीक बारीक सालपटं निघत होती. मध्ये त्यांनी लाकडावर फुंकर मारून डोळे त्याच्याजवळ नेले.

"काजल, झालं काय?" प्रेमदासनं विचारलं.

"बाबा, अजून दुसरं टोक पूर्ण राह्यलं हाय."

दुसऱ्या रविवारी, दुसऱ्या लाटण्याला त्याचा आवाज गेला. तिसऱ्या रविवारी, तिसऱ्या लाटण्याला तो उस्ताद दोन्ही हातांनी दोरीला लोंबकळत होता. दोरी ढिली होई, मग झटका बसे, मग पुन्हा ढिली. लाटण्याला तीन खड्डे पडले. हॅरल्डसाहेबांना हवे होते त्याहून दोन जास्तच.

सोमवारी प्रेमदास डाव्या हातानं जेवला. मंगळवारी त्यानं केस विंचरले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणे, हवा बदलली. बुधवारी कौशल्याबाई मला बाजारात भेटल्या, त्या दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत होत्या.

"काही बोलला का मोटारीबद्दल?" मी विचारलं.

"नाई. उस्ताद हाय ते," त्या म्हणाल्या. "येत्या रविवारी पाळण्याचे चार गोंडे सांगतले हाये मी त्याईले."

गुरुवारी लिफाफा प्रेमदास स्वतः घेऊन आला. दुकानात पोत्याशेजारी बसून त्यानं तो डाव्या हातानं माझ्यापुढे केला. कौशल्याबाई दारात गहू निवडत होत्या.

"वाचा," तो म्हणाला. "अन् मास्तर, जरा नीट वाचा. जुन्या काळात आणखी काही वेगळं होतं काय, पाहा."

मी उघडला. दोनदा मनात वाचला. मग मोठ्यानं वाचला. हॅरल्डसाहेबांनी लिहिलं होतं की लाटणी करतानाचा व्हिडिओ पोचला, आभार. आपल्याला एक गोष्ट कबूल करायची आहे. पहिला व्हिडिओ पाहून त्यांनी स्वतःही गॅरेजमध्ये दोरीची खराद बसवली होती, आणि गेला महिनाभर त्यांची बायको दोरी ओढत होती. शनिवारी तिनं दोरी खाली टाकली, एक शब्द उच्चारला, जो ते लिहू इच्छित नव्हते, आणि ती बहिणीकडे निघून गेली. ती परत यायला एका अटीवर तयार आहे. तर भारतात अशा खरादीला कुणी मोटार लावतं का, लावत असल्यास कुठली, किती शक्तीची, हे कृपया कळवावं.

दारातला गव्हाचा आवाज थांबला होता.

प्रेमदास माझ्याकडे बघत राहिला. "हे तुमी तुमच्या मनचं वाचून राह्यले, मास्तर."

"शपथेवर सांगतो. जसंच्या तसं."

"अन् मांगच्या वेळी?"

"मागच्या वेळी," मी म्हणालो, "चष्मा नीट पुसलेला नव्हता."

त्यानं कागद माझ्या हातून घेतला, उलटसुलट करून पाहिला, जणू इंग्रजी पाठीमागून वाचता येतं. मग कौशल्याबाईंकडे पाहिलं. त्या खडे निवडत होत्या.

"बाई समजदार दिसते," त्या सुपाकडे बघतच म्हणाल्या.

बाजारातून कुठूनतरी रेडिओ सुरू झाल्याचा आवाज आला, म्हणजे लाईट आली होती. प्रेमदास उठला. गुडघ्यावर हात देऊन, डाव्या हातानं त्यानं पोतं ओढून बाजूला केलं. मोटारीवर दोन महिन्यांचा भुसा बसला होता. तिच्या अंगावर लोखंडी पट्टी असते, तिच्यावर कंपनीचं नाव आणि शक्ती कोरलेली असते. ती पट्टी भुशाखाली दिसेना. पुसायला त्यानं उजवा हात उचलला, तो अर्ध्यात थांबला. डाव्या हातानं त्यानं भिंतीचा टेकू घेतलेला होता.

कॅनडा उत्तराची वाट पाहत होता.

"काजलची माय," प्रेमदास म्हणाला, "जरा फडकं मारून दे."